गाडीचा साइड मिरर घरच्या घरी बदलताना

शहरातल्या अरुंद रस्त्यावर गाडीचा जो भाग सर्वांत आधी मार खातो, तो म्हणजे दारावरचा आरसा. पुण्याच्या पेठांत, गिरगावच्या गल्ल्यांत किंवा कोणत्याही सोसायटीच्या दाटीवाटीच्या पार्किंगमध्ये शेजारून जाणाऱ्या दुचाकीचे हँडल किंवा टेम्पोचा हौदा नेमका त्यालाच लागतो. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली, तर बहुतेक वेळा सबंध आरसाच बदलण्याचा सल्ला मिळतो. वास्तविक बहुसंख्य छोट्या गाड्यांमध्ये हा आरसा दारावर तीन नटांनी किंवा स्क्रूंनी धरलेला असतो आणि ते सोडवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड असते ते त्यांच्यापर्यंत पोहोचताना प्लास्टिक मोडू न देणे, आणि त्याच्याही आधी, आपले नेमके काय मोडले आहे हे ओळखणे.

आधी मोडतोड नीट पाहावी

आपण ज्याला सरसकट साइड मिरर म्हणतो, त्यात चार-पाच वेगळे भाग असतात. सर्वांत पुढे काच असते आणि ती एका प्लास्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते. त्या पाठीमागे काच वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवणारी यंत्रणा असते. साध्या गाड्यांत ती आतल्या दांडीने चालते, महागड्या गाड्यांत मोटरने. या सगळ्याभोवती काळ्या प्लास्टिकचा सांगाडा असतो, त्याच्या पाठीवर गाडीच्या रंगाचे कव्हर बसते आणि खाली दाराला जोडणारा पाय असतो, ज्यात आरसा दुमडण्याचा सांधा असतो.

यांपैकी केवळ काच तडकली असेल, तर फक्त काच मिळते आणि ती बदलायला दाराला हातही लावावा लागत नाही. कव्हरवर ओरखडे पडले असतील किंवा ते उडून गेले असेल, तर कव्हर वेगळे मिळते. सांगाडा किंवा पाय तुटला असेल, तरच सबंध आरसा बदलण्याची खरी गरज असते. एक चौथी शक्यता नवख्या मालकांच्या लक्षात येत नाही: धक्का लागल्यावर आरसा उलट्या बाजूला वळून लोंबकळल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात तो फक्त सांध्यातल्या खाचेतून सुटलेला असतो. दोन्ही हातांनी सांगाडा धरून, काचेवर जोर न देता, तो मूळ दिशेने वळवल्यास खट् असा आवाज होऊन तो जागेवर बसतो. बटणाने दुमडणाऱ्या आरशाच्या बाबतीत यानंतर तेच बटण दोन-तीन वेळा दाबून आरसा पूर्ण मिटू आणि उघडू द्यावा, म्हणजे मोटर आणि सांधा पुन्हा जुळतात.

विम्याचा विचार याच टप्प्यावर करून टाकावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरील गाडीला २००० रुपये एवढी रक्कम प्रत्येक दाव्यात मालकालाच सोसावी लागते. त्यात एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची सवलत, जातो, जो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे साध्या हॅचबॅकच्या आरशासाठी विम्याचा दावा करणे माझ्या मते जवळजवळ कधीच परवडत नाही. कॅमेरा बसवलेला महागडा आरसा असेल आणि पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी असेल, तर मात्र हिशेब करून पाहावा.

योग्य भाग विकत घेणे

या कामात सर्वाधिक वेळ वाया जातो तो चुकीचा भाग घरी आणल्यामुळे. एकाच नावाच्या गाडीच्या खालच्या आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये बाहेरून सारखे दिसणारे, पण आतून वेगळे आरसे असतात, आणि नवे रूप बाजारात आल्यावर तर दाराला बसण्याची जागाही बदललेली असू शकते. म्हणून दुकानात केवळ गाडीचे नाव न सांगता आरसी बुकवरचा चेसिस क्रमांक द्यावा. अधिकृत विक्रेता त्यावरून नेमका पार्ट नंबर काढून देतो. भाग त्याच्याकडून घ्यायचा नसला, तरी तो नंबर लिहून घ्यावा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्वस्त पर्याय मिळतात, परंतु तेथेही पार्ट नंबर हातात असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे लवकर आटोपते.

बाजू सांगताना ‘डावा’ आणि ‘उजवा’ या शब्दांनी घोटाळा होतो, कारण गाडीच्या समोर उभे राहिले की बाजू उलटतात. दुकानात ‘ड्रायव्हर साइड’ किंवा, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडच्या बाजूसाठी, ‘क्लीनर साइड’ असे सांगावे. खोक्यावर आरएच आणि एलएच ही अक्षरे असतात आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहताना होणाऱ्या उजव्या-डाव्या बाजूची असतात.

मोटरचा आरसा असेल, तर कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधल्या, पिना मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. केवळ काच फिरवणाऱ्या आरशाला साधारणपणे तीन वायरी पुरतात. बटणाने दुमडण्याची सोय असेल तर आणखी दोन लागतात आणि आरशातच इंडिकेटर असेल तर त्याच्या आणखी. जुन्या आरशाचा कपलर आणि नवा कपलर शेजारी धरून आकार, पिनांची संख्या आणि वायरींचे रंग जुळतात का हे पाहणे, हीच सर्वांत खात्रीची परीक्षा होय. जुना आरसा आधी सोडवून दुकानात घेऊन जाता आला, तर फारच उत्तम.

नवा आरसा बहुधा काळ्या किंवा रंग न दिलेल्या कव्हरसह येतो. आपले जुने रंगीत कव्हर शाबूत असेल, तर ते नव्या आरशावर चढवता येते आणि रंगकामाचा खर्च वाचतो. ते मोडले असेल, तर पेंटरला दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवरील रंगाचा कोड द्यावा. नुसते ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ म्हणून भागत नाही.

स्थानिक बनावटीच्या स्वस्त आरशांविषयी माझे मत असे आहे की कव्हर स्थानिक चालते, पण काच चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या आरशाची काच किंचित फुगीर असते, त्यामुळे मागचा जास्त भाग दिसतो, मात्र मागची वाहने आहेत त्याहून लहान आणि दूर भासतात. स्वस्त काचेचा फुगवटा वेगळा असला, तर वर्षानुवर्षे डोळ्यांना झालेला अंतराचा अंदाज चुकतो. सपाट काच कापून जुन्या काचेवर चिकटवून देणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हत्यारे आणि जागा

दहा नंबरचा बॉक्स पाना, त्याला जोडायची लांब दांडी व रॅचेट, मध्यम आकाराचा स्टार स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या, कागदी मास्किंग टेप, एक जुना टॉवेल आणि जाड हातमोजे एवढ्यात काम होते. काही गाड्यांत स्क्रूचे डोके सहा पाकळ्यांचे असते, त्यासाठी टॉर्क्स बिट लागते. प्लास्टिकच्या पट्ट्या ट्रिम टूल या नावाने ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि त्या जरूर घ्याव्यात, कारण लोखंडी स्क्रूड्रायव्हरने प्लास्टिक उचकटले की त्यावर पडलेला पांढरा ओरखडा गाडी विकेपर्यंत दिसत राहतो.

गाडी सावलीत आणि सपाट जागी उभी करावी, आणि दार पूर्ण उघडता येईल इतकी मोकळीक ठेवावी. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक झालेले असते आणि क्लिपा पटकन तुटतात. तेव्हा ऊन चढू द्यावे किंवा केस वाळवायच्या ड्रायरने उचकटायचे प्लास्टिक कोमट करून घ्यावे. इग्निशन बंद करून चावी काढून ठेवावी. मोटरच्या आरशासाठी बॅटरीची निगेटिव्ह बाजूही सोडवलेली बरी. मात्र गाडीतल्या म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल, तर तो आधी शोधून ठेवावा.

फक्त काच बदलायची असल्यास

तुटलेल्या काचेवर आधी टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या घट्ट चिकटवाव्यात, म्हणजे काढताना तुकडे उडणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. आता काचेची गाडीकडची कड आत दाबावी, म्हणजे बाहेरची कड वर उचलली जाते आणि तिच्यामागे बोटे किंवा प्लास्टिकची पट्टी घालायला जागा होते. काचेची प्लास्टिकची पाठ मोटरच्या गोल चकतीवर लहान क्लिपांनी अडकवलेली असते. पट्टी शक्य तितकी मध्याजवळ नेऊन हळूहळू उचकटल्यास एकेक क्लिप टक् टक् करत सुटते. घाई करून एकदम ओढल्यास काचेसोबत मोटरची चकतीही उपटून येते आणि मग पाचशे रुपयांचे काम पाच हजारांवर जाते.

काच सुटल्यावर ती लगेच दूर ओढू नये. धुके घालवण्यासाठी गरम होणारी काच असल्यास तिच्यामागे दोन चपटी टर्मिनल असतात. ती वायर न ओढता टर्मिनल धरून काढावीत. नवी काच बसवताना टर्मिनल आधी जोडावीत, पाठीमागच्या खाचा चकतीवर जुळवाव्यात आणि तळहात काचेच्या बरोबर मध्यभागी ठेवून सरळ दाबावे. कडेला जोर दिला, तर नवी काच तिथल्या तिथे तडकते. सर्व क्लिपा बसल्या की काच चारही बाजूंनी सारखीच हलते. एखादा कोपरा जास्त डगमगत असेल, तर तिथली क्लिप बसलेली नाही असे समजावे. तुटलेल्या काचेचे तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत बांधून, वर ‘काच’ असे ठळक लिहून वेगळे द्यावेत, कारण घंटागाडीवरच्या माणसाचा हात त्या पिशवीत जाणार असतो.

सबंध आरसा बदलणे

प्रथम आरशाचा पाय कोठून निघतो ते पाहावे. दाराच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणातून तो बाहेर येत असेल, तर काम सोपे आहे. दाराच्या पत्र्यातूनच येत असेल, तर बहुधा डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढावे लागते.

त्रिकोणाच्या बाबतीत दाराच्या आतल्या बाजूला तेवढ्याच आकाराची प्लास्टिकची पट्टी असते. आतल्या दांडीने फिरवायचा आरसा असेल, तर दांडीच्या टोकावरचे बोंड सरळ ओढून काढावे आणि भोवतालचे रबर मोकळे करावे. काही गाड्यांत दांडीजवळ एक स्क्रूही लपवलेला असतो. मग पट्टीच्या वरच्या टोकाशी प्लास्टिकचे हत्यार सरकवून ती दारापासून काटकोनात, म्हणजे सरळ स्वतःकडे ओढावी. वाकडी ओढली की तिच्या पाठीमागची खुंटी मुळातून तुटते. पट्टीमागे ट्वीटर (लहान स्पीकर) असेल, तर त्याची बारीक वायर तेवढ्यापुरती सोडवावी. धातूची स्प्रिंग क्लिप पट्टीवरून निघून दाराच्या भोकातच अडकून राहते, असे बरेचदा होते. ती पकडीने काढून पुन्हा पट्टीवर चढवावी, अन्यथा पट्टी नंतर कितीही दाबली तरी बसत नाही.

आता तीन नट किंवा तीन स्क्रू समोर दिसतील, आणि याच ठिकाणी घाई करू नये. त्यांच्या खाली दाराच्या पोकळीकडे जाणारी फट असते. टॉवेलची घडी त्या फटीत नीट कोंबावी. पान्यातून निसटलेला नट या फटीतून गेला, तर आत पत्र्यावर आपटत खाली जाण्याचा त्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो परत मिळवण्यासाठी सबंध डोअर पॅड काढावे लागते. पान्याच्या सॉकेटमध्ये टेपचा लहानसा तुकडा घातल्यास नट त्यात घट्ट धरला जातो आणि सुटून पडत नाही.

बाहेरच्या बाजूला आरशाखालच्या रंगावर मास्किंग टेपच्या रुंद पट्ट्या लावाव्यात. तिन्ही नट थोडे थोडे सैल करावेत, आणि शेवटचा नट काढण्याआधी बाहेरून आरसा दुसऱ्या व्यक्तीने धरावा. कोणी नसेल, तर एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हाताने नट काढावा. आधार न दिल्यास आरसा वायरीवर लोंबकळतो आणि दारावर घासतो. मोटरच्या आरशाचा कपलर खालच्या जिभेवर अंगठा दाबून सोडवावा. वायरींना धरून ओढू नये. कपलर दिसत नसेल, तर तो पॅडच्या आत खाली असतो आणि पॅड काढणे भाग पडते.

डोअर पॅड काढावे लागल्यास

पॅड दाराला दोन प्रकारांनी धरलेले असते: काही स्क्रूंनी आणि कडेच्या प्लास्टिक क्लिपांनी. दार आतून उघडायच्या हँडलमागच्या लहान झाकणाखाली एक स्क्रू असतो, दार ओढायच्या खाचेत किंवा आर्मरेस्टमध्ये एक-दोन असतात आणि कधी कडेलाही असतो. हे सारे निघाल्यावर खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा एकेक करून सोडवाव्यात, आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेच्या खाचेतून बाहेर काढावे. एखादा स्क्रू राहिला असेल, तर पॅड एका जागी हट्टाने अडते. तेव्हा जोर न लावता तो स्क्रू शोधावा. पॅड पूर्ण दूर नेण्याआधी पॉवर विंडोचा कपलर आणि हँडलची केबल सोडवावी लागते. कोणता स्क्रू कोठला होता याचा मोबाइलवर फोटो काढत गेल्यास जोडताना गोंधळ होत नाही. क्लिपा दोन-चार तुटणारच, म्हणून त्याच मापाच्या आधीच आणून ठेवाव्यात.

पॅडमागे दारावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद काळ्या चिकट पदार्थाने लावलेला असतो. तो निरुपयोगी वाटून फाडून टाकणारे लोक आहेत. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी केबिनमध्ये न येता दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर जावे, यासाठीच तो असतो. तो लागेल तेवढाच सोडवावा आणि काम झाल्यावर त्याच चिकट पट्टीवर बोटाने दाबून परत बसवावा. नाहीतर जून-जुलैत पायाखालची मॅट ओली होते आणि पाणी कोठून येते हे कळत नाही. काही नव्या गाड्यांच्या दारात धडक ओळखून एअरबॅगला इशारा देणारा सेन्सर असतो. अशा दाराचा कोणताही कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नये, कारण मग एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊनच घालवावा लागतो.

नवा आरसा बसवणे

नव्या आरशाच्या पायाखाली रबराची किंवा फोमची गॅस्केट आहे का ते पाहावे. नसेल, तर जुनी सोडवून घ्यावी. दाराची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, कारण तिथे साठलेली माती गॅस्केटला नीट टेकू देत नाही आणि मग पाणी झिरपते किंवा वेगात शिट्टीसारखा आवाज येतो.

वायर आधी आत घ्यावी, कपलर जोडावा आणि नट लावण्यापूर्वीच आरसा तपासावा. त्यासाठी बॅटरी पुन्हा जोडावी, सोडवलेले इतर कपलरही जागेवर आहेत याची खात्री करावी आणि मगच इग्निशन चालू करून काच चारही दिशांना फिरवून पाहावी. दुमडण्याचे बटण दाबताना आरसा घट्ट धरावा, कारण पाय पक्का नसेल तर मोटर आरशाऐवजी सबंध पायच फिरवते. हे सारे ठीक असेल, तर इग्निशन बंद करून नट हाताने सुरू करावेत. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच चढले पाहिजेत. पान्याने सुरुवात केल्यास आटे वाकडे चढून मरतात. नंतर तिन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. ते घट्ट हवेत, पण रॅचेटवर अंगाचा भार टाकण्याची गरज नाही, कारण हे नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे बारीक खिळे आरशाच्या पायात ओतलेले असतात आणि एक जरी तुटला, तरी नवा आरसा वाया जातो. आरसा हाताने हलवून पाहावा. पाय दारावर जराही सरकता कामा नये. टॉवेल काढायला विसरू नये, आणि त्रिकोणी पट्टी क्लिपांवर तळहाताने थोपटून बसवावी.

शेवटी मगभर पाणी आरशाच्या पायावर ओतून आत ओल येते का पाहावे, आणि मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने एक फेरी मारावी. काच थरथरत असेल, तर बहुधा पाठीची एखादी क्लिप बसलेली नसते. शिट्टी येत असेल, तर गॅस्केट कोठेतरी दुमडलेली असते.

आरसा लावून घेणे

नव्या आरशाचा कोन पुन्हा ठरवावा लागतोच. बहुतेक जण आपल्याच गाडीची बाजू आरशात भरपूर दिसेल असा तो लावतात, आणि त्यामुळे शेजारच्या लेनमधली दुचाकी नेमकी न दिसणाऱ्या पट्ट्यात जाते. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी अभियंत्याने १९९५ साली एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेसमोर मांडलेली पद्धत आपल्याकडे बाजू बदलून वापरता येते. ड्रायव्हर साइडचा आरसा लावताना डोके उजव्या खिडकीला टेकवावे आणि गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवावा. क्लीनर साइडसाठी डोके गिअरच्या दांड्याच्या वर, गाडीच्या मध्याकडे नेऊन तसेच करावे. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही. ठीक मागचे वाहन आतल्या आरशात दिसते आणि तिथून ते निसटते न निसटते तोच बाजूच्या आरशात येते. हायवेवर ही पद्धत उत्तम चालते. दाटीच्या शहरात मात्र डाव्या बाजूला घुसणाऱ्या दुचाकीचे आपल्या दारापासूनचे अंतर कळणे गरजेचे असते, म्हणून तिथे मागच्या दाराच्या हँडलची बारीक पट्टी आरशाच्या कडेला दिसू द्यावी, असे माझे मत आहे. काहीही केले तरी लेन बदलण्याआधी मान वळवून एक नजर टाकावीच लागते.